“माझं लिहिलेलं काढा हो प्लीज”: वेगवेगळ्या साइटींच्या डिलीट सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते, कारणं मागाहून. मराठी विकिपीडियाला चार, प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोला साडेतीन, गप्पा-चर्चांच्या रेडिटला तीन, फेसबुकच्या ग्रुपांना दीड, आपल्या मराठी संकेतस्थळांना सरासरी अडीच, आणि ज्या साइटपायी मी या भानगडीत पडले तिला पाव, तोही तिथल्या अ‍ॅडमिनने शेवटी शेवटी माणसासारखं उत्तर दिलं म्हणून. रिव्ह्यू कशाचा, तर आपण नेटवर कधीकाळी चारचौघांत जे बोलून बसलो ते “काढून टाका” म्हटल्यावर ही मंडळी काय करतात त्याचा.

झालं असं की माझ्या मावसबहिणीने मूल होत नव्हतं तेव्हा एका आरोग्याच्या साइटवर प्रश्न टाकला होता, खऱ्या नावाने, गावासकट, कुठल्या डॉक्टरांकडे चालू आहे, गोळ्या कुठल्या, एएमएच (स्त्रीबीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) किती आला, सगळं. तेव्हा कोणाच्या मनात असलं काही येतं, चार बायका भेटल्या, धीर मिळाला, बरं झालं. आता ती नोकरी बदलतेय आणि नाव-आडनाव गुगलवर टाकलं की लिंक्डइनच्या खाली लगेच तो धागा. मी म्हटलं अख्खा धागाच उडवायला सांगूया, तर ती म्हणाली, “नको गं ताई, त्यात त्या सोलापूरच्या बाईंनी इंजेक्शन घरी कसं घ्यायचं ते किती नीट लिहिलंय, अजून कोणीकोणी वाचत असेल. माझं नाव तेवढं काढा म्हणावं.”

मला हे इतकं पटलं की खाली सगळ्यांना स्टार देताना मी हीच पट्टी लावलीय. नाव काढून घेणं किती सोपं, आणि बाकीच्यांनी लिहिलेलं किती शाबूत राहतं. कारण धागा सुरू करणाऱ्याचा प्रश्न त्याचा असतो हो, पण खालची उत्तरं त्याच्या बापाची नसतात.

तर ती पाव स्टारवाली साइट. कॉन्टॅक्ट फॉर्म भरला, मशिनी उत्तर आलं की तुमची विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे, मग बरेच दिवस काहीच नाही, मग आलं की धोरणानुसार प्रतिसाद आलेली चर्चा काढता येत नाही. अहो पण चर्चा काढा म्हटलंच कोणी होतं! परत मेल. आता ओळखीचा पुरावा द्या, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करून. म्हणजे बाईचं नाव पुसायचंय म्हणून आधी तिचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो यांच्याकडे जमा करा. त्यांची बाजूही सांगते, कोणीही उठून दुसऱ्याचं लिहिलेलं उडवायला सांगेल, तर खात्री करायला पाहिजेच, आणि हिचा तेव्हाचा ईमेल केव्हाच बंद पडलेला. पण खात्री करायचे बाकी रस्ते आहेत की, जुन्या अकाउंटात लॉगिन करून अमुक कोड प्रोफाइलला टाका म्हणायचं, पासवर्ड तिच्याकडे होता.

शेवटी आयडीचं नाव बदलून ‘सदस्य’ आणि पुढे एक आकडा असं झालं. आम्ही खूश. मग धागा उघडून बघितला तर खाली प्रत्येक दुसऱ्या प्रतिसादात “अगं” आणि पुढे हिचं नाव, “काळजी करू नकोस, माझ्या नणंदेचं पण असंच होतं”. कोट केलेल्या चौकटीत तर वरच्या ओळीला पूर्ण नाव-आडनाव जसंच्या तसं, “यांनी लिहिले आहे”. यावर साइटचं म्हणणं, इतरांच्या प्रतिसादात आम्ही ढवळाढवळ करत नाही. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण नावाच्या जागी फुल्या घालणं ही ढवळाढवळ नाही, ते तुमचंच अर्धवट सोडलेलं काम आहे. यावरच तो अ‍ॅडमिन माणसात आला आणि फुल्या घातल्या, पाव स्टार तो.

आता आपल्या मराठी संकेतस्थळांचं. मायबोली १९९६ पासून आहे, नंतर मनोगत, उपक्रम, मिसळपाव, ऐसी अक्षरे अशी एकेक आली, आणि या सगळ्या जगात डिलीटसाठी आपलं खास हत्यार म्हणजे प्रकाटाआ. नव्या लोकांसाठी: प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे. बऱ्याच ठिकाणी स्वतःचा प्रतिसाद पूर्ण उडवायची सोयच नसते, खाली कोणी उपप्रतिसाद दिला की काही ठिकाणी एडिटही जातं, मग वेळेत जाग आली तर लोक मजकूर पुसून तिथे प्रकाटाआ लिहितात, नाहीतर संपादकांना व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करत बसायचं. त्यातून जे धागे उरतात ते वाचायला मात्र भारी करमणूक. एका सासू-सुनेच्या धाग्याची शेपटी साधारण अशी होती, आठवणीतून लिहितेय:

प्रकाटाआ
“अहो असं नका म्हणू, शेवटी आईच आहे ती.”
“+१”
“प्रकाटाआ”
“वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत.”
“स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे.”

कोण कशाशी सहमत आहे ते देवाला ठाऊक. पण हसणं सोडलं तर यात दोन गोष्टी दिसतात. पुसणाऱ्याचं काम झालेलंच नाहीये, कारण खालच्या उत्तरांवरून त्याने काय लिहिलं असणार ते कोणीही ओळखेल, आणि नंतर वाचणाऱ्याच्या हाती धुपाटणंही येत नाही. अडीच स्टार देतेय ते एवढ्याच साठी की इथे निदान टोपणनावाने लिहायची पहिल्यापासून पद्धत आहे, खरं नाव सांगणारे कमी, त्यामुळे मुळात उडवायला सांगायची वेळच कमी येते. डुआयडीला, म्हणजे खरी ओळख लपवून काढलेल्या डुप्लिकेट आयडीला, आपण इतक्या शिव्या घालतो, पण बायकांच्या कितीतरी धाग्यांवर त्या डुआयडीमुळेच कोणी काही खरं बोललंय.

फेसबुक ग्रुपला दीड का? कारण तिथे उलटा प्रकार. मूळ पोस्ट टाकणाऱ्याने ती डिलीट केली की खालच्या सगळ्या कमेंटी घेऊन जाते. आमच्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर टाळत असला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) झालं तेव्हाचा सगळा अनुभव मी एका ग्रुपवर एकाच्या प्रश्नाखाली लिहिला होता, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करताना कुठले कागद लावायचे, बिल्डर नोटिशीला उत्तरच देत नसेल तर काय, आर्किटेक्टचं सर्टिफिकेट कशासाठी, टप्प्याटप्प्याने, अजून दोघातिघांनी त्यात आपापल्या सोसायटीची भर घातली होती. त्या गृहस्थांचं काम झालं आणि त्यांनी पोस्ट उडवली, बिल्डरने बघू नये म्हणून असेल. त्यांचा हक्कच आहे म्हणा. पण माझं रविवार सकाळभर टाइप केलेलं पण त्यांचंच होतं का? हे एक बटण इतकं सोपं करून ठेवलंय की दाबणाऱ्याला कळतसुद्धा नाही आपण आणखी कोणाकोणाचं घालवतोय. अकाउंटच बंद करायचं तर तिथे मन बदलायला ३० दिवसांची मुदत आणि सर्व्हरवरून सगळं जायला ९० दिवसांपर्यंत लागतात म्हणतात, तिथे एवढा विचार आणि चर्चेच्या बाबतीत शून्य.

रेडिटचं गणित बऱ्यापैकी बरोबर बसलंय असं मला वाटतं. पोस्ट उडवली तर तुमचा मजकूर आणि नाव जातं, खालच्या कमेंटी राहतात. कमेंट उडवली तर तिची उत्तरं राहतात. फक्त एक खोच आहे आणि ती लोकांना उशिरा कळते: अकाउंट डिलीट केलं की नाव जातं पण तुम्ही लिहिलेलं सगळं तसंच राहतं, आणि मग ते उडवायला तुम्ही लॉगिन तरी कुठून करणार. त्यामुळे आधी लिखाण, मग अकाउंट, हा क्रम. २०२३ च्या जूनमध्ये एपीआयच्या, म्हणजे बाहेरची अॅप साइटला जोडायच्या सोयीच्या, दरांवरून तिथे जे भांडण पेटलं त्यात लोकांनी स्क्रिप्ट लावून स्वतःच्या वर्षानुवर्षांच्या कमेंटी पुसल्या किंवा त्यावर काहीबाही लिहून ठेवलं. कंपनीवरचा राग समजू शकते मी, पण नुकसान कंपनीचं कमी आणि रात्री दोन वाजता प्रिंटर का चालत नाही म्हणून शोधत येणाऱ्या गरीब माणसाचं जास्त.

स्टॅक ओव्हरफ्लो या बाबतीत सगळ्यात ठाम. प्रश्नाला अपव्होट मिळालेलं उत्तर असलं किंवा एकापेक्षा जास्त उत्तरं आली की विचारणाऱ्याला तो प्रश्न उडवता येत नाही, संपलं. लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली (लेखकाचं नाव देऊन कोणीही वापरावं अशा परवान्याखाली) जातं, ते मागे घेता येत नाही. पण नाव काढायचंय? काढतात. अमुक पोस्टशी माझा संबंध तोडा अशी विनंती करता येते, अकाउंट बंद केलं तर नावाच्या जागी युजर आणि एक नंबर येतो. म्हणजे माझी मावसबहीण जे मागत होती ते तिथे नियमातच आहे. मग दीड स्टार कापला कशासाठी, तर २०२४ च्या मे महिन्यात त्यांनी चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयबरोबर करार केला आणि ज्यांनी निषेध म्हणून स्वतःची उत्तरं पुसायला घेतली त्यांची अकाउंटं काही दिवसांसाठी सस्पेंड केली. नियमाने बरोबर असतील, पण “हे सगळ्यांचं ज्ञान आहे, कोणी काढायचं नाही” असं लोकांना सांगून त्याच ज्ञानाचा सौदा स्वतः करायचा, हे बघून माणसाची सटकणारच की. रेडिटनेही त्याच वर्षी गुगल आणि ओपनएआय दोघांशी करार केले. आधी वादाचा मुद्दा होता की जुनं बोललेलं कोण वाचेल, आता कोण वाचेल हा प्रश्नच नाही, मशीन वाचतं आणि वाचून झालेलं त्याच्या पोटातून काढता येत नाही. त्यामुळे “कधीतरी नंतर सांगू डिलीट करायला” या भरवशावर राहण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

विकिपीडियाला चार दिले म्हणून कोणाला आश्चर्य वाटेल. तिथे चर्चापानावर किंवा चावडीवर (सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) लिहिलेलं जवळजवळ कधीच जात नाही, इतिहासाच्या टॅबमध्ये तारीखवार पडून असतं, तावातावाने लिहिलेलं तर जास्तच. पण दोन सोयी अशा आहेत की बाकीच्यांनी शिकाव्यात. कोणी कायमचं सोडून जायचं ठरवलं तर सदस्यनाव बदलून ओळख पुसून देतात. आणि कोणाचा फोन नंबर, पत्ता असलं काही चर्चेत पडलं तर ती आवृत्ती अशी झाकता येते की साध्या प्रचालकाला, म्हणजे तिथल्या अॅडमिनलाही, दिसत नाही. चर्चा शिल्लक, माणूस सुरक्षित. एक स्टार कापला कारण हे सगळं कुठे मागायचं ते शोधताना नवीन माणसाची दमछाक होते, पानावरून पान, दुव्यावरून दुवा.

आता कायद्याचं थोडं, कारण त्या साइटला मी मेलमध्ये “डेटा प्रोटेक्शन कायद्यानुसार” असं ठोकून दिलं होतं आणि मग म्हटलं वाचून तरी बघू. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याच्या कलम १२ मध्ये डेटा दुरुस्त करून आणि पुसून घ्यायचा हक्क आहे. वा वा म्हणेपर्यंत कलम ३ वाचलं. जी माहिती तुम्ही स्वतःहून जाहीर केलीत तिला हा कायदा लागूच नाही! आणि उदाहरण काय दिलंय, तर एक व्यक्ती आपली मतं ब्लॉगवर लिहिताना सोशल मीडियावर स्वतःची माहिती उघड करते, तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे हे कलम लागू झालं की बँकेने, अ‍ॅपने तुमचं काय ठेवलंय ते पुसायला सांगा, पण तुम्हीच धाग्यावर लिहिलेलं? तुमचं तुम्ही बघा. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं, त्यात विसरलं जाण्याच्या हक्काचीही चर्चा आहे, हायकोर्टांनी अधूनमधून दिलासाही दिलाय. पण मद्रास हायकोर्टाने २०२४ मध्ये निर्दोष सुटलेल्या एकाच्या बाबतीत निकाल साइटवरून काढायला सांगितला तर सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. थोडक्यात अजून सगळं अधांतरी. अपवाद अश्लील किंवा खाजगी फोटोंचा, तिथे २०२१ चे आयटी नियम आले तेव्हापासून तक्रार आल्यावर काढायची तासांत मोजलेली मुदत आहे, आणि त्या बाबतीत माझं पण काही दुमत नाही, तिथे चर्चाबिर्चा काही नको, सरळ उडवा.

युरोपवाले आपल्या पुढे आहेत असं सगळे म्हणतात. त्यांच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये पुसून घ्यायचा हक्क आहे, पण त्यातच पुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सार्वजनिक हिताच्या दप्तराचे अपवाद आहेत, आणि ज्या खटल्यामुळे हे गाजलं तो तर मजेदारच. स्पेनमधल्या एका गृहस्थांच्या जुन्या कर्जापायी झालेल्या लिलावाची १९९८ ची जाहिरात वर्तमानपत्राच्या साइटवर होती, २०१४ मध्ये युरोपच्या कोर्टाने गुगलला सांगितलं की नावाने शोधल्यावर ती दाखवू नका, पण वर्तमानपत्राच्या पानावर ती राहिली तरी चालेल. म्हणजे फाइल कपाटात ठेवा, फक्त नावाच्या पट्टीखाली लावू नका. मला हे फार आवडलं. त्याहून नेमकं मला कॅलिफोर्नियाचं वाटलं, २०१५ पासून तिथे अठराच्या आतल्या मुलांना स्वतः टाकलेलं काढून घ्यायचा हक्क आहे, पण साइटने ओळख पुरती पुसली तरी चालतं, आणि दुसऱ्या कोणी टाकलेलं काढायची सक्ती नाही. माझी मावसबहीण हेच म्हणत होती ना!

हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाव काढून प्रत्येक वेळी भागत नाही. छोट्या गावातली एकुलती एक अमुक डॉक्टर, अमुक शाळेतली गणिताची शिक्षिका, जुळ्यांची आई, असं लिहिलं की नावाची गरजच काय, गावात सगळ्यांना कळतंच. अशा वेळी त्या माणसाच्या स्वतःच्या ओळी बदलू द्यायला पाहिजेत, गाव खोडा, हुद्दा खोडा, अगदी त्याची अख्खी पोस्ट काढा, पण उत्तरांना हात न लावता, आणि वर एक ओळ ठेवा की प्रश्न साधारण अमुक विषयी होता, म्हणजे खालचं वाचणाऱ्याला संदर्भ राहील. ही एक ओळ लिहायला संपादकाला दोन मिनिटं लागतात. प्रकाटाआपेक्षा केव्हाही बरी. आणि राजकारणी, कंपन्या, क्लासवाले यांनी आपल्यावरची टीका काढायला सांगितली तर मात्र मुळीच ऐकू नये, त्यांच्यासाठी ही सोय नाहीच.

एक गंमत सांगू का, एकट्या माणसाची एक ओळ काढायला यांना धोरणं आडवी येतात, आणि स्वतःला नको झालं की हेच लोक अख्खं गाव बुलडोझर लावून साफ करतात. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, कम्युनिटींचं जे दप्तर ठेवलं होतं तेही २०१७ मध्ये गेलं, कॉलेजच्या कम्युनिटीवरची आमची सगळी भांडणं त्यात गेली. याहू ग्रुप्सवरचं २०१९ च्या डिसेंबरात गेलं, त्यात परदेशातल्या मराठी मंडळांचे किती ग्रुप असतील, गणपतीला मूर्ती कुठून आणायची, कुठल्या देशात भारतीय लायसन्स किती महिने चालतं, असली माहिती. कोणी विनंती केली होती?

असो, ज्यांना सध्या नाव काढून घ्यायचंय त्यांच्यासाठी. साइटकडून काम झालं तरी गुगलवर जुनाच मजकूर बरेच दिवस दिसत राहतो, घाबरू नका. ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ नावाचं त्यांचं टूल आहे, त्यात पानाची लिंक टाकायची, मग ते असा एखादा शब्द मागतं जो आधी पानावर होता आणि आता नाहीये, तिथे आपलं आडनाव टाकायचं. आमचं तेवढ्याने झालं, चार स्टार. पान तसंच असेल आणि त्यावर तुमचा फोन, पत्ता किंवा ईमेल असेल तर २०२२ पासून गुगलकडे वेगळी विनंती करता येते, पण त्याने फक्त शोधातून जातं, साइटवर राहतंच. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर, जुनी प्रत आहे का तेही बघा, असेल तर त्यांना लिंकसकट ईमेल करावा लागतो, विचार करून ठरवतात. आणि पुरावा म्हणून कोणी आधार मागितलंच तर मास्क्ड आधार डाउनलोड करून पाठवा, त्यात नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात, पत्ता मात्र दिसतो, तो पाठवायच्या आधी काळा करून टाका.